प्रेक्षक वाढले, पण लस कुणी घेतली?

भिवंडीतल्या नारपोलीसाठी सकाळी 11 वाजता समाजमाध्यमावर टाकलेला आरोग्याचा व्हिडिओ नेमका कोण पाहतो, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. यंत्रमागाच्या अनेक कारखान्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. रात्रपाळी करून आलेला कामगार त्या वेळी झोपलेला असतो. दिवसपाळीचा कामगार मागांच्या खडखडाटात उभा असतो. घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो त्याच्याच खिशात असतो. ज्या आईसाठी बाळाच्या गोवराच्या लसीची माहिती तयार केली, ती घरी असते आणि फोन तिच्या हाती नसतो. तरीही व्हिडिओ 11 वाजताच जातो, कारण कार्यालय तेव्हा उघडलेले असते.

ही वेळ चुकली आहे, हे दाखवणारा आलेख खाते चालवणाऱ्याला फुकट मिळतो. यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम या सर्व माध्यमांवर ‘अ‍ॅनालिटिक्स’ किंवा ‘इनसाइट्स’ नावाचे पान असते. प्रेक्षक कोणत्या वेळी ऑनलाइन असतात, कोणत्या शहरातले आहेत, व्हिडिओ कितव्या सेकंदाला सोडून जातात, हे सारे तिथे दिसते. कपडे विकणारा, खाद्यपदार्थांचे व्हिडिओ करणारा, राजकीय पक्षाचा प्रचारक हे पान रोज पाहतो. आरोग्याची माहिती देणाऱ्यांत मात्र दोन टोके दिसतात. काही जण ते पान उघडतच नाहीत. काही जण उघडतात ते फक्त फॉलोअर किती वाढले हे पाहण्यासाठी. नुकसान दोन्हीकडे आहे, आणि दुसऱ्या टोकाचे नुकसान लवकर लक्षात येत नाही.

आरोग्याच्या संदेशासाठी ही आकडेवारी जरूर वापरावी. पण ‘किती लोक आले’ याऐवजी ‘कोण आलेच नाही’ हे शोधण्यासाठी. प्रेक्षकसंख्या वाढवणे हे करमणुकीच्या वाहिनीचे साध्य असू शकते. आरोग्यखात्यासाठी ते फार तर साधन आहे.

आधी हे आकडे काय सांगतात ते पाहू. ‘इम्प्रेशन’ म्हणजे मजकूर किती वेळा पडद्यावर झळकला. ‘रीच’ म्हणजे किती वेगवेगळ्या खात्यांपर्यंत गेला. ‘व्ह्यू’ची व्याख्या प्रत्येक माध्यम आपल्या सोयीने करते. अंगठ्याने वर सरकवताना क्षणभर दिसलेला व्हिडिओही काही ठिकाणी त्यात मोजला जातो. ‘रिटेन्शन’चा आलेख सांगतो की शंभरातले किती जण शेवटपर्यंत थांबले आणि किती कुठे गळले. ‘ट्रॅफिक सोर्स’ सांगतो की माणूस स्वतः शोधत आला, कुणी पाठवले म्हणून आला, की माध्यमानेच त्याच्यासमोर व्हिडिओ ठेवला. या सगळ्यांत पहिले तीन आकडे मोठे असतात आणि अहवालात शोभतात. उपयोगाचे असतात ते शेवटचे दोन.

सार्वजनिक आरोग्यशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या वर्षीच एक गोष्ट शिकतो: छेदाशिवाय अंशाला अर्थ नाही. ‘शंभर मुलांना लस दिली’ हे वाक्य अपुरे आहे. एकशेपाचपैकी शंभर, की एक हजारापैकी शंभर? पहिल्या वस्तीत गोवराला शिरायला जागा फारशी उरत नाही, दुसरीत तो आगीसारखा पसरेल. समाजमाध्यमांच्या पानावर दिसणारा जवळजवळ प्रत्येक आकडा हा असा छेद नसलेला अंश असतो. एक लाख व्ह्यूज, पण कोणत्या किती लोकांपैकी, हे तिथे लिहिलेले नसते. तो छेद आरोग्यकेंद्राच्या नोंदवहीत, आशा सेविकेच्या यादीत असतो. ही दोन कागदपत्रे एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय व्हिडिओचे मूल्यमापन झाले असे म्हणता येत नाही.

गोवराचे उदाहरण इथे मुद्दाम घेतले आहे. माणसाला होणाऱ्या आजारांतल्या सर्वांत संसर्गजन्य आजारांपैकी हा एक. कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समूहात गोवराचा एक रुग्ण सरासरी 12 ते 18 जणांना आजार देतो. त्यामुळे तो रोखायचा तर सुमारे 95 टक्के बालकांना लशीच्या दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. राष्ट्रीय कार्यक्रमात पहिली मात्रा 9 ते 12 महिन्यांच्या वयात आणि दुसरी 16 ते 24 महिन्यांच्या वयात दिली जाते. अंगावरचे पुरळ जाते, ताप उतरतो. पण न्यूमोनिया, अतिसार, क्वचित मेंदूदाह आणि अंधत्व हे त्यामागून येऊ शकतात. शरीराने आधीच्या संसर्गांतून कमावलेली प्रतिकारशक्तीही गोवर काही प्रमाणात पुसून टाकतो. कुपोषित बाळाला हे सारे फार महाग पडते.

2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराचा उद्रेक झाला. त्याच सुमारास भिवंडी आणि मालेगाव इथेही रुग्ण आढळले. तिन्ही ठिकाणी दाट वस्ती, स्थलांतरित कुटुंबे, आणि महासाथीच्या काळात विस्कळीत झालेले नियमित लसीकरण. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2022 मध्ये उद्रेकग्रस्त भागांतल्या 9 महिने ते 5 वर्षांच्या बालकांना एक अतिरिक्त मात्रा देण्याचा विचार करण्यास राज्यांना सांगितले. आरोग्य कर्मचारी घरोघर गेले, ताप-पुरळ असलेली मुले शोधली, मात्रा राहिलेल्या बालकांच्या याद्या केल्या. म्हणजे प्रशासनाने केलेले पहिले काम छेद शोधण्याचे होते.

आता एक काल्पनिक हिशेब करून पाहावा. समजा, गोवराच्या लसीवरचा एक व्हिडिओ लाखभर लोकांनी पाहिला. त्यांतले निम्मे पुणे, नाशिक, नागपूरचे. बरेचसे आधीच मुलांना लस दिलेले. काही वैद्यकीय विद्यार्थी. आणि समजा, नारपोलीतल्या एका भागात मात्रा राहिलेली 60 बालके आहेत. त्या 60 घरांपैकी 4 घरांत तो व्हिडिओ पोहोचला. माध्यमाच्या पानावर हा व्हिडिओ यशस्वी दिसेल आणि गोवराचा विषाणू मात्र उरलेल्या 56 घरांकडे पाहील. याउलट केवळ 300 वेळा पाहिलेला, पण त्या 60 पैकी 40 घरांत गेलेला व्हिडिओ पानावर अपयशी ठरेल. माध्यमाचे गणित आणि आरोग्याचे गणित एकाच दिशेने चालत नाही, ते असे.

हा छेदाचा विचार भारताने एकदा फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवला आहे, आणि तोही खडूने. पोलिओच्या मोहिमेत पथके घरोघर जात, तेव्हा प्रत्येक दारावर खूण केली जाई. घरातल्या सर्व बालकांना थेंब मिळाले असतील तर ‘पी’. एखादे बालक राहिले असेल तर ‘एक्स’. सायंकाळच्या बैठकीत ‘पी’ किती झाले यापेक्षा ‘एक्स’ किती राहिले आणि का राहिले, यावर वेळ जाई. कारणेही वेगवेगळी नोंदली जात: नकार, कुलूपबंद घर, मूल बाहेरगावी, मूल आजारी. कारणाप्रमाणे उपायही बदलत. कुलूपबंद घरासाठी वेळ बदलायची असते, नकारासाठी माणूस बदलायचा असतो. देशातला वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात आढळला, आणि 27 मार्च 2014 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारताचा समावेश असलेला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. त्या यशामागे जाहिरातीतले तारेतारका होतेच. पण दारावरचा तो ‘एक्स’ही होता. आजच्या भाषेत सांगायचे तर ते अ‍ॅनालिटिक्सच होते, फक्त त्यात न आलेल्यांची मोजणी आधी होती.

प्रसिद्ध चेहऱ्याचा उपयोग नसतो असे नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये, राज्यात करोना लसीकरण वेगात असताना, मुस्लीमबहुल भागांत अजून काहीशी अनिच्छा दिसते असे तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितले, आणि ती दूर करण्यासाठी अभिनेते सलमान खान आणि धर्मगुरूंची मदत घेण्याचा विचार बोलून दाखवला. या एका वाक्यात दोन निराळ्या गोष्टी आहेत. अभिनेता रीच देतो: लस उपलब्ध आहे, घ्यायला हवी, ही गोष्ट तो कोट्यवधींच्या कानांवर घालतो. धर्मगुरू, शेजारचा डॉक्टर, कारखान्यातला मुकादम विश्वास देतो: ‘ताप आला तर रोजगार बुडेल का’, ‘आधीचा आजार असेल तर चालेल का’, या शंकेला उत्तर देतो. पहिल्याचा आकडा पानावर दिसतो. दुसऱ्याचा दिसत नाही. म्हणून पैसा आणि लक्ष पहिल्याकडे वाहत जाते, आणि वस्तीत उभा राहणारा माणूस हिशेबातून गळतो.

प्रेक्षकसंख्येच्या मागे लागण्याचा आणखी एक तोटा आहे: त्यामुळे सांगण्याची गोष्टच बदलते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये मांडलेला विचार आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. मोजमापाला लक्ष्य केले की ते चांगले मोजमाप राहत नाही, हा त्याचा सारांश. यूट्यूबने स्वतः हे अनुभवले. केवळ क्लिकवर शिफारशी ठरत होत्या तेव्हा भडक चित्र आणि फसवे शीर्षक लावणाऱ्यांचे फावत असे. म्हणून 2012 मध्ये कंपनीने पाहण्याच्या वेळेला महत्त्व दिले. मग व्हिडिओ लांबू लागले. फेसबुकने 2018 च्या आरंभी प्रतिक्रिया आणि चर्चा घडवणाऱ्या मजकुराला झुकते माप दिले. मग भांडण लावणारा मजकूर फायद्यात आला. मोजपट्टी बदलली की मजकूर त्या मोजपट्टीच्या मापाचा होतो.

आता एखाद्या प्रामाणिक डॉक्टरची कल्पना करावी. तो क्षयरोगावर व्हिडिओ करतो: दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी करा, औषधे अर्ध्यात सोडू नका. पाचशे जण पाहतात. पुढे तो ‘सकाळी उपाशीपोटी हे पाणी प्या’ असा एक हलकाफुलका व्हिडिओ करतो. पन्नास हजार जण पाहतात. पान त्याला सांगते: असेच करत राहा. सहा महिन्यांनी त्याच्या खात्यावर पाण्याचे दहा प्रकार असतात आणि क्षयाचा पत्ता नसतो. त्याने कुठेही खोटे सांगितलेले नसते. फक्त पान सुचवत गेले आणि तो वळत गेला. कापसाच्या तंतूंत दिवसाचे बारा तास श्वास घेणाऱ्या, दाटीच्या खोलीत आठजणांत झोपणाऱ्या कामगाराला मात्र क्षयाचाच व्हिडिओ हवा होता.

खोट्याला तर या स्पर्धेत उपजत आघाडी असते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी ट्विटरवरच्या 2006 ते 2017 या काळातल्या सुमारे 1 लाख 26 हजार बातम्यांच्या प्रसाराचा अभ्यास केला. तो 2018 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा 70 टक्क्यांनी अधिक होती. 1,500 जणांपर्यंत पोहोचायला सत्याला असत्याच्या सुमारे सहा पट वेळ लागला. यंत्रांपेक्षा माणसेच ते पसरवत होती, कारण खोटे बहुधा नवे आणि धक्कादायक असते. तेव्हा ‘जे जास्त पसरते ते करा’ हा सल्ला आरोग्याच्या क्षेत्रात सरळसरळ चुकीच्या दिशेचा ठरतो.

नियमांना याची जाणीव झालेली दिसते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये काढलेल्या व्यावसायिक आचारसंहितेत डॉक्टरांनी लाइक किंवा फॉलोअर विकत घेऊ नयेत, शोधयादीत आपले नाव वर आणण्यासाठी पैसे मोजू नयेत, असे म्हटले होते. इतर तरतुदींवरून वाद झाला आणि त्याच महिन्यात ती आचारसंहिता स्थगित झाली. पण तो एक मुद्दा स्थगित ठेवण्याजोगा नव्हता. विकत घेतलेल्या फॉलोअरमुळे एखाद्या डॉक्टरचा सल्ला खरा ठरत नाही. पण रुग्णाला तो खरा वाटू शकतो.

मग हे आकडे सोडूनच द्यावेत का? तसे केले तर माहितीची वाट अडते आणि मैदान अफवेला मोकळे मिळते. सरकारी व्हिडिओंची ओळखीची रचना आठवावी: आधी बोधचिन्हे, मग पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे, मग संगीत, मग ‘लसीकरण ही काळाची गरज आहे’ असे वाक्य, आणि लस कुठे-कधी मिळेल ते शेवटी. रिटेन्शनचा आलेख उघडला तर लोक कुठे गळतात हे लगेच दिसेल. कामाची माहिती पहिल्या पाच सेकंदांत आणली पाहिजे, हे सांगायला महागडा सल्लागार लागत नाही. ते पान सांगते. त्यासाठी ते उघडावे लागते, एवढेच.

नारपोलीसारख्या वस्तीसाठी ही आकडेवारी चार कामांना विशेष उपयोगी पडेल. पहिले, वेळ. पाळी सुटण्याच्या आणि सुरू होण्याच्या आसपास, रात्री जेवणानंतर, सुट्टीच्या दिवशी कोणता वर्ग ऑनलाइन येतो हे काही आठवड्यांच्या आलेखांतून कळते. त्यानुसार मजकूर आधी तयार करून ठरल्या वेळी आपोआप प्रसिद्ध होण्याची सोय प्रत्येक माध्यमात आहे. त्यासाठी कुणी रात्री जागण्याची गरज नाही.

दुसरे, भाषा. भिवंडी ही एका भाषेची नगरी नाही. इथे मराठी आहे, आगरी बोली आहे, उर्दू आणि कोकणी मुसलमानांची बोली आहे, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्यांची हिंदी आणि भोजपुरी आहे, पद्मशाली विणकरांची तेलुगू आहे. एकच मराठी फलक सर्वांसाठी लावून चालत नाही, हे सर्वांना माहीत आहे. पण कोणत्या भाषेतला व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला जातो, कोणत्या भाषेत लोक प्रश्न विचारतात, हे मोजता येते. एकाच मजकुराचे चार भाषांतले चार व्हिडिओ करून त्यांचे रिटेन्शन शेजारी ठेवले, तर अंदाज करत बसण्याची गरज उरत नाही.

तिसरे, प्रश्न. लोक कोणते शब्द लिहून व्हिडिओपर्यंत आले हे यूट्यूब दाखवते. ‘लस’ असा शब्द न लिहिता कुणी ‘टीका लगाने के बाद बुखार’ असे लिहीत असेल, तर त्याची खरी चिंता कळते. व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया हा तर चालता-बोलता सर्वेक्षणाचा अहवाल असतो. ‘गावाला गेलो होतो, दुसरी मात्रा राहिली, आता देता येईल का’ हा एक प्रश्न दहा लाइकपेक्षा मोलाचा आहे. त्याचे उत्तर बहुधा ‘होय, जवळच्या केंद्रावर लसीकरण कार्ड घेऊन या’ असे एका ओळीचे असते. ते त्याच दिवशी मिळाले तर एक बालक वाचते. प्रतिक्रिया बंद ठेवणारे खाते स्वतःचे कान बंद करून घेते.

चौथे, परत येणारे प्रेक्षक. नव्या प्रेक्षकांचा आकडा चढत असतो तेव्हा जुने टिकले का, हे कुणी विचारत नाही. सहा महिने चालणाऱ्या क्षयाच्या उपचारांत किंवा गरोदरपणाच्या नऊ महिन्यांत तोच माणूस पुन्हा पुन्हा येणे महत्त्वाचे. दोन हजार फॉलोअर, पण सारे नारपोली, कामतघर, अंजूरफाटा, पद्मानगर इथले, आणि त्यांतले निम्मे दर आठवड्याला परत येणारे, असे खाते पालिकेच्या आरोग्य विभागासाठी राज्यभर विखुरलेल्या दोन लाखांपेक्षा मोलाचे आहे.

हे करताना आकड्यांचे आंधळे कोपरेही माहीत असले पाहिजेत. ‘प्रेक्षकांत पुरुष 80 टक्के’ असे पान दाखवते, तेव्हा ते खाते कुणाच्या नावावर आहे एवढेच सांगत असते. रात्री त्याच फोनवर पत्नी व्हिडिओ पाहत असेल तर ती त्या टक्केवारीत पुरुष म्हणूनच मोजली जाते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54 टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरता येणारा मोबाइल होता, आणि इंटरनेट कधी तरी वापरल्याचे स्त्रियांपैकी 33.3 टक्के, तर पुरुषांपैकी 57.1 टक्के सांगत होते. त्यानंतर प्रमाण वाढले असेल, तरी अंतर एका रात्रीत मिटत नाही. म्हणजे ज्या आईला माहिती द्यायची, ती आकडेवारीत दिसतच नाही अशी शक्यता मोठी. ‘स्त्रिया आमचे व्हिडिओ पाहत नाहीत’ असा निष्कर्ष त्यावरून काढणे जितके चूक, तितकेच ‘सर्वांपर्यंत पोहोचलो’ असे मानणेही.

दुसरा आंधळा कोपरा व्हॉट्सअ‍ॅपचा. अफवा सर्वाधिक फिरते ती तिथे, आणि तिथल्या खासगी गटांत काय फिरते हे कुणालाच मोजता येत नाही, कारण संदेश कूटबद्ध असतात. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच निरपराध भिक्षुकांना ठार केले. देशभरातल्या अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. 2020 मध्ये अनेकदा फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आली. वेग कमी झाला; अफवा थांबली नाही. अफवेला फोन तरी कुठे लागतो? प्लेगच्या साथीत, ऑक्टोबर 1896 मध्ये, मुंबईत गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, ही धारणा तेव्हा तोंडोतोंडी पसरली होती. आजही अशा गोष्टी कळण्याचे साधन माणूसच आहे. आशा सेविकेला दारात जे ऐकायला मिळते, ते कोणत्याही पानावर दिसणार नाही. तिने ऐकलेली शंका त्याच आठवड्यात व्हिडिओचा विषय झाली पाहिजे.

सर्वांत उपयोगी मोजणी समाजमाध्यमाबाहेरच करावी लागेल. लसीकरण सत्रात आलेल्या प्रत्येक पालकाला एकच प्रश्न विचारावा: ‘आज लस आहे हे कुठून कळले?’ आशाताई, शेजारी, मशिदीतली किंवा मंदिरातली घोषणा, मोबाइलवरचा व्हिडिओ, दवाखाना अशा पाच-सहा चौकोनांपैकी एकावर खूण. महिन्याअखेरी ते चौकोन मोजावेत. व्हिडिओच्या चौकोनात खुणाच नसतील, तर लाखभर व्ह्यूज असूनही तो व्हिडिओ फसला असे समजावे. शक्य असेल तेव्हा एका भागात नवा व्हिडिओ आधी आणि दुसऱ्या भागात दोन आठवड्यांनी पाठवून दोन्हीकडच्या सत्रांची हजेरी ताडून पाहावी. उपाय लागू पडला की योगायोग होता, हे ओळखण्याची ती अगदी साधी शास्त्रीय रीत आहे. ती अचूक नसेल, पण लाइकवरून काढलेल्या निष्कर्षापेक्षा कितीतरी खरी असेल.

एक सीमारेषा मात्र पाळावी लागेल. कोण पोहोचले नाही हे शोधता शोधता कुणाचा धर्म काय, कुणाला कोणता आजार, याच्या याद्या जाहिरातीच्या यंत्रात भरण्याचा मोह होऊ शकतो. फेसबुकच्या मालक कंपनीने जानेवारी 2022 पासून आरोग्य, धर्म, राजकीय कल अशा संवेदनशील विषयांवरून प्रेक्षक निवडण्याचे अनेक पर्याय जाहिरातदारांसाठी काढून टाकले. शासनाने त्याहून सैल असू नये. वस्ती आणि भाषा एवढ्यावर काम भागते. मात्रा राहिलेल्या बालकांची यादी आरोग्यकेंद्रातच राहावी. एखाद्या वस्तीला ‘लस न घेणारी’ असा शिक्का बसला, तर तिथला अविश्वास वाढतो आणि पुढचे दार बंद होते. शिवाय लस राहण्यामागे नकारच असतो असे नाही. सणाला गावी गेलेले कुटुंब, रोज बुडेल म्हणून न येऊ शकलेला बाप, सत्राची वेळ न कळलेली आई, ही कारणे नकाराच्या नावाखाली लिहिली जातात तेव्हा दोष व्यवस्थेचा असून माथी वस्तीच्या पडतो.

याला फार मोठा खर्च नाही. 2011 च्या जनगणनेतच सात लाखांवर गेलेल्या या शहरासाठी एक प्रशिक्षित माणूस, भाषा येणारे काही स्थानिक तरुण, आणि आशा सेविकांबरोबर आठवड्याची एक बैठक एवढे सुरुवातीला पुरे. नारपोलीतले तरुण रील करण्यात कुणापेक्षा मागे नाहीत. त्यांना विषय आणि अचूक मजकूर दिला, तर कॅमेऱ्यासमोर ओळखीचा चेहरा आणि ओळखीची बोली आपोआप येईल. मजकूर तपासण्याची जबाबदारी मात्र वैद्यकीय अधिकाऱ्याचीच असावी.

आणि आढाव्याच्या बैठकीतला पहिला प्रश्न बदलावा. ‘या महिन्यात फॉलोअर किती वाढले?’ हा प्रश्न शेवटी विचारला तरी चालेल, किंवा राहिला तरी चालेल. पहिला प्रश्न असा असावा: मात्रा राहिलेल्या बालकांच्या यादीतली किती नावे या महिन्यात खोडली गेली, उरलेली का उरली, आणि त्या घरांशी कोणत्या भाषेत, कोणत्या वेळी, कुणाच्या तोंडून बोलायचे? त्याचे उत्तर अर्धे नोंदवहीत सापडेल आणि अर्धे त्या फुकट मिळणाऱ्या पानावर. दोन्ही एकत्र वाचणारा माणूस आरोग्य विभागात असला, म्हणजे सकाळी 11 चा व्हिडिओ रात्री जेवणानंतर, आईच्या हाती फोन येतो तेव्हा जायला लागेल.